सात मीटरची गाडी आणि आईचे गुडघे

गेल्या वर्षी एप्रिलच्या सुट्टीत आम्ही मोटरहोम, म्हणजे आतच बेड, किचन, टॉयलेट असलेली गाडी, घेऊन न्यूझीलंडचा साउथ आयलंड फिरून आलो, तेव्हापासून "आई-बाबांना घेऊन जमतं का गं असल्या गाडीतून? त्रास नाही झाला त्यांना?" हे इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं आता एकदाच बसून सगळं लिहून टाकावं. आम्ही राहतो क्राइस्टचर्चला. माझे आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले होते, मुलांना दोन आठवडे सुट्टी होती, आणि सहा जणांना रोज नवीन मोटेल, रोज बॅगा उघडा-बांधा, रोज "इथे वरण-भात कुठे करायचा" हे सगळं नको म्हणून सहा जण झोपतील अशी मोटरहोम भाड्याने घेतली. सात मीटर लांब, तीन मीटरच्या वर उंच. नवरा चालवणार, मी शेजारी नकाशा बघणार, असं ठरलं होतं. पुढे त्यात बरेच बदल झाले ते सांगतेच.

तर आधी माझं म्हणणं. मोटरहोममध्ये आराम कशाने येतो यावर मी निघायच्या आधी खूप वाचलं, काय काय सामान घ्यायचं त्याच्या लांबलचक याद्या होत्या, आणि त्यातलं निम्मं सामान वापरलंच गेलं नाही. खरं काम झालं ते एकाच गोष्टीने, प्रत्येक गोष्ट ठरवताना घरातल्या सगळ्यात अवघडलेल्या माणसापासून सुरुवात केली की बाकीच्यांचं आपोआप नीट होतं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे आई. वय ६८, दोन्ही गुडघे दुखरे, आणि आपल्यामुळे कुणाला त्रास नको म्हणून गप्प बसायची सवय. ही शेवटची गोष्ट गुडघ्यांपेक्षा अवघड.

पहिल्या रात्री आम्ही चूक केली. टेकापोला पोचलो, क्राइस्टचर्चपासून सव्वादोनशे किलोमीटर, त्यात आम्ही जेराल्डिनला जेवायला थांबलो, पोचेपर्यंत पाच वाजले आणि एप्रिलच्या शेवटी तिकडे साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. अंधारात पहिल्यांदा बेड लावायचे म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. या गाड्यांमध्ये तीन डबल बेड असतात, एक ड्रायव्हरच्या डोक्यावर, तिथे शिडीने चढायचं, एक मधल्या टेबलाचा, टेबल खाली पाडून त्यावर गाद्या जोडायच्या, आणि एक अगदी मागे. मुलांना वरचा बेड हवाच होता तो दिला (जाळी लावायची असते, धाकटा पाच वर्षांचा आहे, जाळी घट्ट ओढून बघितल्याशिवाय मी खाली उतरायची नाही). मागचा बेड आम्ही घेतला आणि आई-बाबांना मधला दिला, कारण तिथे हीटर जवळ होता. म्हणजे विचार चांगलाच होता. पण मधला बेड रोज रात्री लावायचा आणि रोज सकाळी मोडायचा, म्हणजे सकाळी चहाला टेबल हवं तर आईने आधी उठायचं, आणि रात्री मुलांना बाथरूमला जायचं तर शिडीवरून उतरून आजी-आजोबांच्या पायावरून. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आई पहाटे साडेपाचला शाल गुंडाळून, बेडची घडी करून, सीटच्या कडेवर बसलेली. "मला काय, मला जाग येतेच," म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी बदललं. मागचा बेड आई-बाबांचा, आणि तो अकरा दिवस मोडायचाच नाही. आमच्या गाडीत मागच्या सीटना बेल्ट नव्हतेच, सहाही बेल्ट पुढे आणि मधल्या टेबलाशी, त्यामुळे चालत्या गाडीत तसंही मागे कुणी बसायचं नव्हतं. बेड तसाच लावलेला ठेवला आणि कुठेही गाडी उभी केली की आई पाच मिनिटं मागे जाऊन पाय लांब करून पडायची. गुडघ्यांना जेवढा आराम या पाच-पाच मिनिटांनी मिळाला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. शिवाय बाथरूम त्यांच्या बेडला लागूनच, हात भिंतीला लावत जाता येईल इतकं. तुम्ही गाडी बुक करत असाल तर फोटो सोडा, आतला नकाशा मागून घ्या आणि त्यात बेडपासून टॉयलेटपर्यंतचा रस्ता बोटाने चालून बघा.

आता बसायचं. बाबांना वाटत होतं की गाडी चालू असताना उठून चहा करता येईल, आपल्या घराला चाकं लावलीत असंच ते सगळ्यांना फोनवर सांगत होते. तसं नसतं, गाडी चालू म्हणजे सगळे बेल्ट लावून, आणि सात वर्षांच्या आतलं मूल चाइल्ड सीटमध्येच, हा इथला कायदा आहे. टेबलाच्या चार सीटपैकी दोन पुढे तोंड करून असतात, दोन मागे. धाकट्याची चाइल्ड सीट पुढे तोंड असलेल्या सीटवर, त्याच्या शेजारी आई. मागे तोंड करून लेक बसली आणि फेअरली गावाच्या आधीच तिला मळमळायला लागलं, मग मी तिथे गेले आणि लेक पुढच्या... नाही, पुढे बाबा बसले होते ड्रायव्हरशेजारी, आणि त्यांना तिथून उठवणं माझ्याच्याने झालं नसतं इतके ते खुश होते. शेवटी आईनेच सांगितलं की मला मागे तोंड करून काही होत नाही, एसटीत उलट्या सीटवर बसून आयुष्य गेलं, आणि खरंच तिला काही झालं नाही. त्यामुळे जागा आधी घरी बसून ठरवू नका, पहिले तीस किलोमीटर जाऊ द्या, मग ठरवा.

अंतराचं सांगते. नकाशावर दोनशे किलोमीटर म्हणजे आपण म्हणतो अडीच तास. पण या गाड्या साडेतीन टनांच्या वर असतील तर हायवेला ९० ची मर्यादा, साध्या कारला १००, आणि घाटात, वाऱ्यात, एकेरी पुलांवर त्याहून कमीच. मॅकेन्झीच्या मोकळ्या पठारावर आडवा वारा लागला की एवढी उंच गाडी ढकलल्यासारखी होते, नवरा तिथे ७० नेच चालवायचा आणि मागे गाड्या साचल्या की डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्यायचा. त्यामुळे आम्ही नियम केला, दिवसाला दोनशेच्या आसपास, दर तासाला थांबणं, आणि चार वाजता गाडी मुक्कामाला उभी. वानाकाहून क्वीन्सटाउनकडे जायला क्राउन रेंजचा रस्ता जवळचा आहे पण तो १,०७६ मीटरपर्यंत चढतो आणि पलीकडे नुसती वळणंच वळणं, आम्ही तो सोडला आणि क्रॉमवेलवरून कावाराऊ नदीच्या काठाने गेलो, लांब पडलं पण लेकीचं पोट शांत राहिलं. आणि मिलफर्ड साउंडला तर आम्ही आमची गाडी नेलीच नाही. ‘ते अनाऊ’ नावाच्या गावी तीन रात्री राहिलो, गाडी तिथेच सोडली आणि एक दिवस बसने गेलो. एकशे वीस किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे, मधे होमर टनेल, १९५४ साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरचा आणि आत चांगलाच उतार. नवऱ्याने अकरा दिवसांत तो एकच दिवस खिडकीतून बाहेर बघितलं. चालवणाऱ्याची सुट्टी ही पण सुट्टीच असते ना, त्यालाही दोन दिवस धरून ठेवा.

आता टॉयलेटचं लिहिते, कारण याबद्दल कुणीच नीट लिहीत नाही आणि आपल्या लोकांसाठी सगळी अडचण इथेच असते.

गाडीतल्या टॉयलेटखाली एक कॅसेट असते, म्हणजे साधारण वीस लिटरचा बंद डबा. बाहेरून एक छोटं दार उघडून तो ओढून काढायचा, चाकांवर ढकलत डंप स्टेशनला, म्हणजे असे डबे रिकामे करायच्या ठरलेल्या जागी, न्यायचा, ओतायचा, धुवायचा, त्यात निळं औषध घालून परत बसवायचा. हे काम नवरा करणार हे आमच्या दोघांत ठरलेलं होतं, त्याला त्यात काहीच वाटत नव्हतं. पण आईला हे पहिल्या सकाळी कळलं आणि तिचा चेहराच उतरला. काही बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने पाणी प्यायचं बंद केलं.

मला हे लगेच लक्षात आलं नाही याचं अजून वाईट वाटतं. टेकापोत होतो तोवर कॅम्पसाइटचं बाथरूम शंभर पावलांवर होतं. तिसऱ्या रात्री आम्ही औराकी माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिलला होतो, सरकारी कॅम्पसाइट, लाइटचं कनेक्शन नाही, चारी बाजूंनी डोंगर आणि रात्री बाहेर पाऊल टाकवत नाही इतकी थंडी. रात्री दीडला आईच्या पायात गोळे आले. बाबा पाय चोळत होते, मी गरम पाण्याची पिशवी केली, आणि पाणी दिलं तर दोनच घोट घेऊन बाटली परत केली. म्हटलं आई, तू दिवसभरात किती पाणी प्यायलीस? तर म्हणाली, "सकाळचा चहा झाला होता की." आणि मग हळूच, मुलं झोपलीत का बघून, "जावईबापूंनी आमचं ते उचलून न्यायचं, बरं दिसतं का गं ते? आणि ते बटण दाबलं की केवढा आवाज होतो, सगळी जागी होतात."

नवरा जागाच होता. तो काही बोलला नाही, सकाळी मात्र बाबांना म्हणाला, बाबा, मला एकट्याला जमत नाहीये, पाइप कुणीतरी धरायला पाहिजे. बाबा लगेच उठले. त्या दिवसापासून ते दोघं मिळून जायचे, नवरा डबा ओढायचा, बाबा हातमोजे घालून पाइप धरायचे, आणि परत येताना दोघांच्या क्रिकेटवर गप्पा. दोघं मिळून करतात म्हटल्यावर आईचं ओझं निम्मं कमी झालं. (डंप स्टेशनला दोन नळ असतात, एक डबा धुवायचा आणि एक प्यायच्या पाण्याचा, पाटी वाचूनच टाकी भरा, आणि दोन्हीला एकच पाइप वापरू नका.)

दुसरं, आवाज. तो आवाज पाण्याच्या पंपाचा असतो, फ्लश केलं की पंप घर्रर्र करून सुरू होतो आणि एवढ्याशा गाडीत मध्यरात्री तो फारच मोठा वाटतो. झोपताना आम्ही पंपाचा स्विच बंद करायला लागलो आणि टॉयलेटमध्ये एक मोठा जग भरून ठेवला, सोबत कुंड्यांना पाणी घालायची छोटी झारी. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात ही झारी असते, ती गाडीतही न्यायचीच. बॅटरीचा एक चिकटवायचा दिवा भिंतीला खाली लावला, माणूस हलला की लागतो, म्हणजे मोठा लाइट लावायची गरज नाही. आणि सगळ्यांसाठी नियम, मोठं काम कॅम्पसाइटच्या बाथरूममध्ये, गाडीतलं फक्त रात्रीचं आणि अडीअडचणीचं. सहा माणसांत तो डबा नाहीतर दीड दिवसात भरतो. हे सगळं केलं आणि वानाकाला पोचेपर्यंत आईच्या हातात परत पाण्याची बाटली दिसायला लागली.

पायरीचं राहिलंच. गाडीची पायरी खूप उंच असते, आतून बाहेर येताना गुडघ्यावर सगळा भार येतो. बाहेर ठेवायला एक प्लॅस्टिकचं घडीचं स्टूल घेतलं, पाटापेक्षा थोडं उंच, आणि दाराला आतून एक मजबूत दोरी बांधली धरायला. वीस-पंचवीस डॉलरमध्ये काम झालं. तसंच गाडी सपाट उभी आहे का ते बघणं. थोडा जरी उतार असेल तर डोकं खाली पाय वर अशी झोप होते आणि सकाळी सगळ्यांची मान धरते. चाकाखाली घालायचे प्लॅस्टिकचे उतार मिळतात, पण सपाट झालं की नाही कळणार कसं? आईने ताट घेतलं, टेबलावर ठेवून त्यात वाटीभर पाणी ओतलं आणि नवऱ्याला खिडकीतून हाताने सांगायला लागली, अजून थोडं पुढे, अजून, हां बास. पुढचे सगळे मुक्काम ताट बघून झाले.

स्वयंपाक. गॅस आहे, तीन बर्नर आहेत, कुकर घरून नेला होता, सगळं छान. पण पहिल्या संध्याकाळी आईने आमटीला फोडणी दिली, मोहरी तडतडली, मिरची पडली आणि डोक्यावरचा धुराचा अलार्म असा काही किंचाळायला लागला की धाकटा घाबरून रडायलाच लागला. अलार्म काढून ठेवायचा नाही, बंद गाडीत गॅस जळतोय, हीटर चालतोय, तो जिवासाठी असतो. मग दुसऱ्या दिवशी कॅम्पसाइटच्या सगळ्यांसाठीच्या मोठ्या किचनमध्ये आईने एकदम भरपूर फोडणी करून घेतली, तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, आणि काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरली. दर तीन दिवसांनी नवीन. गाडीत नुसतं वरण-खिचडी-पोहे शिजवायचं आणि वरून चमचाभर घालायची. वास पण पडद्यांना, पांघरुणांना धरत नाही. कांदा-लसूण परतायचं असेल, पोळ्या करायच्या असतील तर त्याच मोठ्या किचनमध्ये, तिथे चार-पाच शेगड्या असतात आणि एका जर्मन बाईने आईकडून पोळी लाटायला शिकून घेतली, ते वेगळंच. मिक्सर न्यायचा असेल तर लक्षात ठेवा, गाडीतले मोठे प्लग फक्त कॅम्पसाइटची केबल जोडलेली असतानाच चालतात, एरवी १२ व्होल्टच्या बॅटरीवर दिवे, पंप, फ्रीज एवढंच.

सकाळचा चहा हा बाबांचा विषय. ते पाचला उठणार, आणि गाडीत एक जण उठला की सहाही उठले. म्हणून रात्री झोपताना आलं घातलेला चहा थर्मासमध्ये भरून त्यांच्या उशाशी, दोन स्टीलचे पेले रुमालात गुंडाळून, आवाज नको म्हणून. दोघं पहाटे मागच्या खिडकीचा पडदा बाजूला करून चहा घेत बसायचे. माउंट कुकला, वानाकाला, सगळीकडे त्या खिडकीतून वेगळंच काहीतरी दिसायचं.

फ्रीजच्या दाराची कडी नीट बसलीय का बघा. आमची पहिल्याच राउंडअबाउटला उघडली आणि किलोचा दह्याचा डबा थेट ड्रायव्हरच्या सीटपर्यंत घरंगळत आला. त्यानंतर लेकीला निघायच्या आधीच्या तपासणीची इन्चार्ज केलं, गॅस बंद, छताची खिडकी बंद, फ्रीज लॉक, केबल काढली, स्टूल आत, प्रत्येकीवर ती बोट ठेवून मोठ्याने म्हणायची आणि सगळं होईपर्यंत बाबांना सुद्धा पुढे बसू द्यायची नाही. ताटांच्या मधे नॅपकिन घातले की खडखडाट थांबतो. थंडीत सकाळी खिडक्यांना आतून पाणी सुटतं, ते रोज पुसायचं नाहीतर गाद्यांच्या कडा ओल्या होतात, आणि छताची खिडकी रात्री बोटभर उघडी ठेवायची.

पैशाचं थोडक्यात. डिझेल पंपावर स्वस्त दिसतं पण डिझेलच्या गाडीला इथे दर किलोमीटरमागे रोड युजर चार्ज वेगळा असतो, गाडी परत करताना त्याचा हिशोब होतो, तेव्हा तो आधीच धरा. फुकट कुठेही उभं राहता येतं असं भारतातून येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही, त्यासाठी गाडी सेल्फ-कंटेन्ड, म्हणजे टॉयलेट आणि सांडपाणी सगळं आपल्यातच सांभाळणारी, असल्याचं सर्टिफिकेट लागतं, २०२३ च्या कायद्यानुसार त्यात पक्का बसवलेला टॉयलेट हवा, आणि तरीही प्रत्येक गावाचे आपले नियम. आई-बाबा बरोबर असतील तर माझ्या मते दोनातली एक रात्र तरी लाइट आणि गरम पाण्याच्या कॅम्पसाइटवर काढावी, तिथे पैसे वाचवू नयेत. आणि भारतातून येताना खायचं जे काही आणाल ते विमानतळावर सरळ डिक्लेअर करा, न सांगितल्याचा दंड जागेवर ४०० डॉलर आहे.

परत येताना शेवटची रात्र पुन्हा टेकापोलाच काढली, त्याच कॅम्पसाइटवर. दुपारी आईला गरम पाण्याच्या कुंडात अर्धा तास बसवलं. तिथलं आकाश डार्क स्काय रिझर्व्ह आहे, म्हणजे तारे दिसावेत म्हणून मुद्दाम अंधारं राखलेलं, सातच्या सुमारास आम्ही सगळे पांघरुणं घेऊन बाहेर उभे, बाबांनी मुलांना मृग नक्षत्र दाखवलं, "बघ, आपल्याकडे असा उभा असतो, इथे डोकं खाली करून," आणि धाकटा मान वाकडी करून करून तो सरळ करायचा प्रयत्न करत होता. आत आलो, मी चहा केला. आईने कप संपवला आणि पुढे केला, म्हणाली, "अजून अर्धा दे." रात्री आठ वाजता.

सकाळी नवरा हातमोजे घेऊन बाहेर गेला आणि तसाच परत आला. मागचं छोटं दार उघडं होतं, कॅसेट जागेवर नव्हती. डंप स्टेशनच्या नळाशी बाबा डबा धुवत होते आणि आई शेजारी पाइप धरून उभी होती, कानटोपी घालून.